मेव्हिसचा घास

"खा गं बाई, खा. उपासाला पण काही हद्द असते."

डॉरीनने चिमट्यात धरलेला उंदीर काचेच्या पेटीत पुन्हा एकदा हलवला. फ्रीझरमधल्या वाटाण्यांच्या पिशवीमागून काढून, गरम पाण्यात ठेवून तिने तो चांगला ऊबदार केला होता. मेव्हिस सकाळपासून पेटीत येरझाऱ्या घालत होती, काचेला नाक घासत होती. डॉरीनचा नवरा क्लाइव्ह वारल्यापासून कोपऱ्यात वेटोळं करून पडलेली ही अजगरीण आज जागी झाली होती. भूक लागली असणार, दुसरं काय?

मेव्हिस हे खरं तर डॉरीनच्या आईचं नाव. "दोघींची नजर अगदी सारखी," असं म्हणून क्लाइव्हने ते ठेवलं होतं आणि त्यावरून डॉरीन आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. आयुष्यभर शाळेच्या कँटीनमध्ये शेकडो पोरांना खाऊ घातलेल्या या बाईच्या हातचं मेव्हिस मात्र कधी खात नसे. तिला क्लाइव्हच लागायचा. आता उपाशी राहून तीही जाणार, या धास्तीने डॉरीनला झोप लागत नव्हती.

एकदम झडप पडली. डॉरीन दचकून मागे झाली आणि मग तिथेच स्टुलावर बसून हसत-रडत बघत राहिली. उंदराच्या शेपटीचं टोक आत जाईपर्यंत ती जागची हलली नाही.

तासाभराने नदीकडून वारा सुटला तेव्हा कुठे तिला क्लाइव्हचं बोलणं आठवलं. "मेव्हिस फिरायला लागली, कपडे आत घे," असं क्लाइव्ह आभाळ निरभ्र असतानाही सांगायचा. डॉरीन त्याची टर उडवायची आणि कपडे आत घ्यायची. वादळ यायच्या आधी मेव्हिसला चैन पडत नसे, हे ती वर्षानुवर्षं बघत आली होती. आणि आज आनंदाच्या भरात ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुपारी ग्लेन, तिचा मुलगा, निथळत आत आला.

"आई, ऊठ! पाणी पुलाला लागलंय. सगळ्यांना टेकडीवरच्या हॉलमध्ये जायला सांगितलंय."

"मेव्हिसने आज खाल्लंय रे."

"बरं झालं. चल आता."

"खाल्ल्यावर तिला दोन दिवस हलवायचं नसतं. ओकून टाकेल ती."

"मग राहू दे तिला इथेच. कपाटावर ठेव पेटी. साप आहे तो, आई!"

"तुझा बाप असता तर त्याच्यासमोर बोलला असतास असं?"

ग्लेनने पेटीकडे बघितलं. लहानपणी बाबा आपल्यापेक्षा या सापाचेच जास्त लाड करतात, असं त्याला वाटायचं. अजूनही वाटायचं. मेव्हिसला त्याने आजवर बोटसुद्धा लावलं नव्हतं.

डॉरीनने उशीचा अभ्रा आणला, दोन्ही हातांनी मेव्हिसला अलगद उचलून आत सोडलं आणि अभ्र्याच्या तोंडाला गाठ मारली. लोकरी जॅकेटच्या आत तो अभ्रा पोटाशी धरून ती गाडीत बसली. "सावकाश चालव," ती म्हणाली. पाणी रस्त्यावर आलेलं असूनही ग्लेनने गाडी सावकाश चालवली.

हॉलमध्ये कुत्री होती, कोंबड्या होत्या, कुणाचं तरी बकरीचं पिल्लू होतं. दारावरच्या माणसाने जॅकेटकडे बघून विचारलं, "यात काय आहे, काकू?"

"आमच्या घरातलं माणूस," डॉरीन म्हणाली आणि पुढे गेली.

पत्र्यावर पाऊस कोसळत होता. वीज गेलेली, मेव्हिसला डॉरीनच्या अंगाची ऊब तेवढी उरलेली. ती जॅकेटवर जॅकेट चढवून, चहालाही न उठता भिंतीला टेकून बसली. संध्याकाळ व्हायच्या आत तिच्या पोटाशी हालचाल झाली, अभ्रा ओला झाला आणि घाणेरडा वास सुटला. शेजारच्या बाईने नाकाला रुमाल लावून अंथरूण लांब ओढलं.

"ओकली," डॉरीन म्हणाली. मग तिला रडू आवरेना. "त्याला कळलं असतं रे. तिला भूक नव्हती, तिला वादळ कळलं होतं. क्लाइव्हने एका नजरेत ओळखलं असतं. मला काही म्हणजे काही कळत नाही तिच्यातलं."

 ग्लेनने मेव्हिससकट अभ्रा उचलला, बाहेरच्या नळावर नेला. परत आला तेव्हा त्याच्या अंगात शर्ट नव्हता. मेव्हिस त्या शर्टात गुंडाळलेली होती.

"चावणार नाही ना ही?"

"नाही रे. मान धरू नकोस, नुसता आधार दे."

"पुन्हा खाईल, आई. थोडे दिवस जाऊ देत. मी येतो, आपण दोघं मिळून खायला घालू तिला."

तो तिच्या बाजूला बसला, मेव्हिसला उघड्या छातीशी धरून. हळूहळू ती त्याच्या उबेला लागली, निवांत झाली. "तू जरा पड," तो म्हणाला. डॉरीनने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. क्लाइव्ह गेल्यापासून आज पहिल्यांदाच कुणाच्या शेजारी तिचा डोळा लागला.