आधी खोली, मग कोट

“गाठ सोडायची, कापायची नाही.”

सासूबाईंचं हे वाक्य धाकटीनं अकरा वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं, की आता त्या नसतानाही दोऱ्याला कात्री लागली की ते कानात वाजायचं. सासूबाईंना जाऊन तीन महिने झाले होते. शिवणाच्या खोलीत मशीन तिथंच होतं, मशीनपुढचं स्टूल तिथंच होतं. स्टुलाचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली घडी घातलेलं अस्तराचं कापड, तेही तिथंच होतं.

घरात सून एकच, तरी सगळे तिला धाकटी म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा अंगानं इतकी बारीक होती की सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी ते नाव ठेवलं, ते चिकटलं ते चिकटलंच.

जायच्या आधी चार दिवस सासूबाई दवाखान्यातल्या पलंगावरून म्हणाल्या होत्या, “टपालबाईंचा कोट राहिला बघ. कापड भिजवून, इस्त्री करून ठेवलंय. कापायचं तेवढं राहिलं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी अंगात नवा कोट हवा म्हणाली होती. देशील ना?”

“देईन,” धाकटी म्हणाली होती. तिथं तिसरं कुणी नव्हतं.

तो शेवटचा दिवस म्हणजे येता शनिवार. आणि कापडाला अजून खडूसुद्धा लागला नव्हता.

याला कारण होतं. या घरात कापायच्या त्या सासूबाई, आणि शिवायची ती धाकटी. सरळ शिलाई, काज, कॉलर, बाही बसवणं, यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण कात्री सासूबाईंची; धाकटीनं ती एकदाच धरली होती, आणि ते फसलं होतं. “मापं कुठं लिहिता हो?” असं एकदा विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, “लिहिते कशाला? आहेत माझ्यापाशी.” धाकटीनं त्याचा अर्थ डोक्यात आहेत असा घेतला, आणि पुन्हा विचारलं नाही. त्यांचा एक नेम मात्र तिनं उचलला होता. सकाळी देवाला हात जोडायचे आणि तोंडात घास घालण्याआधी एक तरी शिलाई घालायची. त्या गेल्यावरही तो नेम तिनं मोडला नाही. शिवायला काही नसलं तर टाकाऊ कापडावर एक सरळ रेघ मारायची, दोरा तोडायचा आणि मग चहा घ्यायचा.

कोटाचं नाव काढलं की मात्र तिला खोलीतला पसारा दिसायचा. एवढ्या पसाऱ्यात कापायचं कसं? आधी खोली, मग कोट, असं तिनं ठरवलं आणि नणंदेला फोन केला.

नणंद शाळेच्या ग्रंथालयात होती. पंचवीस वर्षं पुस्तकांना नंबर चिकटवून चिकटवून तिला जगात नंबर नसलेली वस्तू बघवत नसे. ती रविवारी आली ती तेवीस रिकामे डबे, चिकटपट्टीचे सहा रोल आणि जाड शाईचं पेन घेऊन.

“आईनं हे असं कसं चालवलं गं?” दारातच ती म्हणाली. “इथं सुई हरवली तर गवतही सापडायचं नाही.”

तीन दिवस दोघी खपल्या. कापडं रंगाप्रमाणे लावली. बटणं आकाराप्रमाणे बरण्यांत गेली. बॉबिनी एका खोक्यात, झिपा दुसऱ्यात. लेस, इलास्टिक, अस्तर, कॉलरचं बकरम, प्रत्येकाच्या डब्यावर नणंदेच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी. सासरे बाहेरच्या खोलीतून मधूनमधून चौकशी करायचे.

“अगं, माझा चष्मा कुठल्या डब्यात?”

“‘इतर’मध्ये बघा, बाबा.”

“म्हणजे मी गेलो की मलाही ‘इतर’मध्येच घालणार ही पोरगी.”

“तुम्हाला वेगळा डबा करीन. ‘बडबड’ म्हणून.”

मशीनच्या खालच्या फळीवर एक कापडी पिशवी होती. तोंड सुतळीनं आवळलेलं. धाकटी नखानं गाठ सोडवायला बसली, तर नणंदेनं सरळ कात्री चालवली. आत पट्ट्या निघाल्या. दोन बोटं रुंद, हात-दीड हात लांब, निरनिराळ्या अस्तरांच्या, कडेला खाचाच खाचा पडलेल्या. पन्नासेक असतील.

“चिंध्यासुद्धा जपून ठेवायची,” नणंद म्हणाली. तिचा आवाज क्षणभर बदलला, मग पुन्हा कामाचा झाला. “पण बघ, कामाच्या आहेत. कापडाच्या गुंडाळ्या बांधायला उत्तम.”

आणि त्यांनी बांधल्या. बासष्ट गुंडाळ्या. पट्टी लांब असेल तर मधून कापून दोन केल्या. बुधवारी दुपारी खोली अशी दिसायला लागली की सासरे दारातून आत यायला बिचकले. “चपला काढून येऊ का?” म्हणाले.

त्याच दुपारी टपालबाई आल्या.

तीस वर्षं त्या या भागात पत्रं वाटत होत्या. डाव्या खांद्यावर चामडी पिशवी. त्या ओझ्यानं डावा खांदा कायमचा उतरला होता, पिशवी नसतानाही त्या पिशवी असल्यासारख्याच चालत. तयार कपडे त्यांना कधी बसले नाहीत. सासूबाईंनी शिवलेला कोट घातला की मात्र दोन्ही खांदे एका रेषेत दिसायचे. तो कसा शिवला जायचा हे कुणाला कळलं नव्हतं, टपालबाईंनाही नाही.

“मी कोटाचं विचारायला नाही आले हो,” त्या म्हणाल्या, म्हणजे त्यासाठीच आल्या होत्या. “तुमच्या घरात एवढं झालं. जुना आहे माझा, तो घालीन. फक्त कापड परत मिळालं तर…”

“कोट होईल,” धाकटी म्हणाली. “शनिवारी सकाळी मिळेल. उभ्या राहा, माप घेते.”

तिनं टेप काढली. टपालबाई उभ्या राहिल्या, पण जरा घुटमळल्या.

“टेपनं घेणार?”

“मग?”

“नाही, घ्या. पण चार वर्षांमागं त्या आजारी होत्या तेव्हा तुम्हीच टेपनं घेतलं होतं नं? आठवतंय? तो झगा. मी घातला तर आमची मुलगी म्हणाली, आई, झगा खुंटीवर एका कानानं टांगल्यासारखा दिसतोय.” त्या हसल्या. “तुमच्या सासूबाई मला चिंधी लावायच्या. दोन चिंध्या, वरून एकमेकींना टाचलेल्या. एक इकडं सोडायची, एक तिकडं. माझ्या गळ्यात अडकवून म्हणायच्या, उभी राहा गुमान, गाय बांधतेय. प्रत्येक कोटाला थोडं काहीतरी बदलायच्या त्या चिंधीवर.”

धाकटीनं नणंदेकडं पाहिलं. नणंद कपाटाकडं पाहत होती. कपाटात बासष्ट गुंडाळ्या रंगवार उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या पोटाला एक चिंधी होती.

“टाचलेली एक होती,” नणंद हळूच म्हणाली. “मी उसवली. दोन होतील म्हणून.”

काय झालं ते टपालबाईंना समजलं. त्यांनी पिशवी उचलली, डाव्या खांद्यावर घेतली. “असू दे हो,” म्हणाल्या, “कोट काय, अंग झाकलं म्हणजे झालं,” आणि जिना उतरून गेल्या. खालून त्यांच्या पावलांचा आवाज आला, एक जड, एक हलकं.

नणंदेची परतीची गाडी चारची होती. बॅग भरून दारापाशी ठेवलेली होती.

“ताई, तुम्ही निघा,” धाकटी म्हणाली. “मी बघते.”

“काय बघतेस? बासष्ट आहेत. आणि लांब होत्या त्या मी कापल्यात.” नणंदेनं बॅग आत सरकवली. “चल, काढ खाली सगळं.”

“चिठ्ठ्यांचं काय?”

“चुलीत घाल चिठ्ठ्या.”

दोघींनी गुंडाळ्या जमिनीवर घेतल्या. नणंदेनं सवयीनं कात्रीकडं हात नेला, आणि धाकटी म्हणाली, “गाठ सोडायची,” आणि नणंदेनं तो हात मागं घेतला. पुढचं वाक्य दोघींना माहीत होतं. पट्ट्या घट्ट बांधल्या होत्या, ते कामही नणंदेचंच. तिनं बांधलेलं सहसा सुटत नसे. टाचणीच्या टोकानं, नखानं, एकदा दातानं, अशा त्या एकेक गाठ सोडवत गेल्या. सुटलेलं कापड मांडीवरून घरंगळत होतं. निळं पिवळ्यात गेलं, पिवळं करड्यात. तासाभरात खोली रविवारी होती त्याहून वाईट झाली.

पट्ट्या हातात घेऊन नीट पाहिल्या तेव्हा त्यांची रीत धाकटीच्या लक्षात आली. प्रत्येक पट्टीचं एक टोक दुमडून शिवलेलं. तिथून खाली खांद्याची खाच, छातीची, कमरेची, लांबीची. लांबीच्या जोडखाचा, रुंदीच्या एकेरी. आणि काही खाचा टाक्यांनी पुन्हा बंद केलेल्या. चुकलेलं माप सासूबाई खोडत नसत, शिवून टाकत. उघडी राहिलेली खाच तेवढी खरी.

“आणि मी समजत होते डोक्यात आहेत,” धाकटी म्हणाली.

“तिच्या डोक्यात काही राहायचं नाही,” नणंद म्हणाली. “माझा वाढदिवस दर वर्षी बाबांना विचारायची.”

थोड्या वेळानं तिच्या हाताला एक पट्टी लागली, पिवळ्या अस्तराची. त्यावर लांबीच्या जोडखाचा तेरा होत्या, एकीखाली एक, बोट-बोट अंतरावर, शेवटची सोडून सगळ्या शिवून बंद केलेल्या. वाढत्या अंगाचं माप. ते पिवळं अस्तर आपल्या लहानपणच्या फ्रॉकचं, हे नणंदेनं ओळखलं असावं. तिनं ती गुडघ्यावर सपाट केली. पट्टीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि पुढची गुंडाळी ओढली.

टाचलेल्या पट्टीची खूण धाकटीनं सांगितली होती. दुमडलेल्या टोकावर सुईच्या भोकांची रांग असेल, उसवताना राहिलेला एखादा दोरा असेल. एकेचाळिसाव्या गुंडाळीवर, तपकिरी कापडाच्या, पहिली मिळाली. पूर्ण होती. टोकावर सात भोकं आणि एक निळा दोरा.

दुसरी अठ्ठावन्नाव्या गुंडाळीवर मिळाली, पण अर्धीच. टोक होतं, सात भोकं होती, छातीच्या खाली कापलेली. नणंदेनं ती हातात धरून कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

“खालचा भाग याच ढिगात आहे, ताई. तुम्ही तिरकी कापलीत, बघा. तिरका तुकडा शोधायचा.”

“माझी कात्री बोथट होती म्हणून तिरकी गेली.”

“बरं झालं बोथट होती.”

तिरके तुकडे अकरा निघाले. धाकटीनं एकेक लावून पाहिला. नववा जुळला. अस्तराची वीण जुळली, कडेला लागलेला जुना तेलाचा डाग अर्धा इकडं, अर्धा तिकडं होता, तो पुरा झाला.

तिनं दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. एकीवर खांद्याची खाच दुसरीपेक्षा जवळजवळ बोटभर खाली होती. ती डावी. त्या खाचेच्या वर तीन बंद खाचा, आणि त्यांच्या शेजारी तितक्याच उंचीचा, चार घड्यांचा अस्तराचा तुकडा आडवा शिवलेला, दर कोटाला एक घडी. कोटाच्या डाव्या खांद्यात आतून किती भर घालायची याचं ते माप होतं. खांदा उतरलेला आहे तसा मापायचा आणि कोट मात्र सरळ दिसायला हवा, तेवढं मधलं अंतर सासूबाईंनी तिथं शिवून ठेवलं होतं. चार कोटांत ते दर वेळी वाढत गेलेलं होतं.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला. “चहा मीच करतोय. साखर कुठल्या डब्यात आहे?”

“साखरेच्याच, बाबा.”

“चिठ्ठी नव्हती, म्हणून विचारलं.”

नणंदेची गाडी केव्हाच गेली होती. तिनं शाळेत फोन करून सांगितलं, उद्या येत नाही, घरी काम आहे. कसलं काम हे तिकडून विचारलं असावं, कारण ती म्हणाली, “वर्गीकरण चुकलंय.”

गुरुवारी सकाळी धाकटी आंघोळ करून शिवणाच्या खोलीत आली. जमिनीवर कापडं तशीच होती. त्यांच्यामधून एक पायवाट मात्र नणंदेनं केली होती, दारापासून मशीनपर्यंत. तिनं हात जोडले. रोजच्यासारखं टाकाऊ कापड घेतलं नाही. तुटलेल्या पट्टीचे दोन तुकडे एकमेकांना भिडवले, एक धागाही खाली-वर होणार नाही असे, आणि त्यावर मशीन चालवलं. मग दोन्ही पट्ट्यांची टोकं जुन्याच सात भोकांतून निळ्या दोऱ्यानं टाचली. दोरा तोडला. त्या दिवसाची शिलाई झाली होती. चहा घ्यायला हरकत नव्हती.

तिनं घेतला नाही. मेजावरचं सगळं बाजूला केलं आणि टपालबाईंचं कापड उलगडलं. गडद हिरवं, जाड. सासूबाईंनी इस्त्री इतकी नीट केली होती की तीन महिन्यांनीही घडी उमटली नव्हती. नणंद दारात आली, पलीकडचं टोक धरून तिनं ते ताणून दिलं. धाकटीनं पट्टी कापडावर ठेवली, चार टाचण्या लावल्या, डाव्या खांद्याच्या उघड्या खाचेशी खडू टेकवला. खूण केली. दुसरी केली. सगळ्या झाल्यावर तिनं खुंटीवरची मोठी कात्री काढली. सासूबाईंच्या अंगठ्यानं तिची कडी एका बाजूला झिजली होती, तिचा अंगठा त्यात जरा सैल बसला. खिडकीखालून कुणीतरी पत्रांच्या पेटीचं झाकण उघडून बंद केल्याचा आवाज आला. तिनं वाकून कापडाच्या कडेला कात्री लावली.