लाल बिल्ला

चौथीच्या बाई चिडक्या आहेत हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं, पण त्यांचा राग आधी पायांत उतरतो हे फक्त मुलांना ठाऊक होतं. बाई चिडल्या की आधी चप्पल वाजायची, मग तोंड. त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती चप्पल वाजत वाजत फाटकाबाहेर पडली आणि दोन गल्ल्या ओलांडून थेट वेल्डिंगच्या दुकानात शिरली.

कारण होती पेन्सिल. पेन्सिल म्हणजे त्यांच्या वर्गाची मॉनिटर, इतकी काटकुळी की हे नाव तिला पहिलीतच चिकटलं. आदल्या दिवशी बाईंनी तंबाखूचा धडा घेतला होता. सडक्या दातांची चित्रं बघून मुलं घाबरतात आणि डबा उघडेपर्यंत विसरतात, हे बाईंना अनुभवानं माहीत. म्हणून त्यांनी कवायतच बसवली. मोठ्या माणसानं पुडी आणायला पाठवलं की हात पुढे, मान ताठ आणि खणखणीत आवाजात, ‘नाही, मी आणणार नाही.’ सगळ्या वर्गानं दहादा म्हटलं. पेन्सिलनं ते घरी जाऊन बापाला करून दाखवलं आणि सकाळी गालावर चार बोटं उमटवून घेऊन आली.

बाप एका लोखंडी दाराला जोड देत बसला होता. बाईंनी ठिणग्यांची पर्वा न करता तोंडाचा पट्टा सोडला. एवढ्याशा पोरीवर हात उचलताना लाज कशी वाटली नाही, शिकलेलं करून दाखवलं म्हणून मार खायचा असेल तर तिनं शाळेत यायचं तरी कशाला? बापानं तोंडावरची काच वर सारली आणि मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. चुकलंच, म्हणाला. मारलं आणि मग आपल्यालाच घास गिळवेना.

“पण बाई, ती मला नाही म्हणाली म्हणून नाही मारलं,” तो म्हणाला. “टपरीवाला म्हणतो, तुमची पोरगी रोज सकाळी पुडी नेते. मी विचारलं, मला नाही तर मग कुणाला नेतेस? म्हणाली, हेडसरांना. म्हटलं, त्यांनाही नाही म्हण की. तर म्हणते, त्यांना नाही म्हटलं तर माझा बिल्ला जाईल. तिथं माझा हात उठला.”

तो बिल्ला बाईंनीच केला होता, लाल कापड कापून, कडेनं शिवून. प्रार्थना झाली की मॉनिटरनं हजेरीची वही हेडसरांच्या खोलीत न्यायची, हा नियम त्यांचा. बिल्ला लावलेल्या मुलाला फाटकावर अडवायचं नाही, असं शिपायाला बजावलं होतं तेही त्यांनीच. आणि वही देऊन परत यायला उशीर होतो म्हणून गेल्याच महिन्यात त्यांनी पेन्सिलला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. कुठं रेंगाळतेस, असं विचारलं होतं. पोरगी मान खाली घालून उभी राहिली. बाईंना स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

परत आल्या तेव्हा फाटकावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ अशी पाटी रंगत होती. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. हेडसर गालात तोबरा धरून रंगाऱ्याला अक्षरं सरळ काढायला सांगत होते. बाईंनी त्यांना खोलीत गाठलं आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. हेडसर हसले. आपलीच लेकरं, घरातलं काम सांगितल्यासारखं सांगतो, एवढं मनाला काय लावून घ्यायचं, म्हणाले. वर तपासणीचा कागद पुढे सरकवला. शाळेत कोणीही तंबाखू वापरत नाही, असं त्यावर छापलं होतं. खाली बाईंची सही हवी होती.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेन्सिललाच आणते, म्हणाल्या मनात, यांच्या तोंडावर कवायत करायला लावते. तशा त्या वर्गाच्या दारापर्यंत गेल्यासुद्धा. पेन्सिल पहिल्या बाकावर बसली होती, बिल्ल्यावर तळहात झाकून. तिला पाहिल्यावर बाईंना खरा राग आला, आणि तो स्वतःचा आला. इतकी वर्षं शाळेतल्या एकाही मोठ्या माणसाला जे जमलं नाही, ते आपण नऊ वर्षांच्या पोरीच्या गळ्यात बांधलं होतं.

त्या तशाच मागे फिरल्या. टेबलासमोर उभं राहून त्यांनी हात पुढे केला, मान ताठ केली.

“नाही. ती आणणार नाही. माझ्या वर्गातलं एकही मूल आणणार नाही.”

आवाज खणखणीत लागला. खिडक्या उघड्या होत्या, सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं. हेडसर हळू आवाजात बदलीचं बोलले, मग सेवापुस्तकातल्या शेऱ्याचं बोलले. बाईंनी तिथलाच पेन उचलला, छापलेल्या ओळीवर काट मारली आणि वर लिहिलं, ‘मुख्याध्यापक वापरतात. पुडी मुलं आणतात.’ खाली सही ठोकली. कागद तपासणीला येणाऱ्यांच्या हातात मी स्वतः देईन, असं सांगून तो पर्समध्ये घातला.

बाई वर्गात आल्या. पेन्सिल उठून टेबलापाशी आली. तिनं बिल्ला काढून हातात धरला होता.

“बाई,” ती कुजबुजली, “आता तुमचा बिल्ला जाणार का?”

बाई बिल्ला घेऊन, वाकून तो तिच्या फ्रॉकला परत लावायला लागल्या. पिन नीट बसेना.

“गेला तर जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “तुला दोनदा बाहेर उभं केलं, ते माझं चुकलं. हलू नकोस, टोचेल.”