फोटोला उभं राहणार नाही

मेलबर्नच्या पश्चिमेला, स्टेशनामागच्या जुन्या टायर-गोदामात पोरांची छपाईची खोली होती. आकुओल चौदाव्या वर्षी तिथं शिरली ती केवळ थंडी चुकवायला. एकविसाव्या वर्षी ती तिथंच इतरांना स्क्रीन प्रिंटिंग शिकवत होती, तेही बिनपगारी. खोली नगरपालिकेची. चालवायची फेतुआओ. ती सामोआची, पण आकुओलसारख्या दक्षिण सुदानी दिंकांपासून व्हिएतनाम्यांपर्यंत सगळ्या पोरांची आंटी.

मे महिन्यात पत्र आलं: जूनअखेर खोली रिकामी करा, तिथं कॅफे होणार आहे. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी नगरपालिकेच्या ग्लेनिसबाई फोटोग्राफरला घेऊन हजर.

"शहराच्या नव्या पुस्तिकेसाठी फोटो हवाय," बाई हसून म्हणाल्या. "आपापले पारंपरिक कपडे घातलेत तर किती छान! आकुओल, तुमच्यात ते मण्यांचं घालतात ना?"

मण्यांचं ते बहिणीच्या लग्नानंतर पेटीतून निघालं नव्हतं. आकुओलच्या अंगात शाईनं बरबटलेला एप्रन होता.

"मी इथं हे घालते. ह्यात काढा."

"पण जरा रंगीबेरंगी..."

"ह्याच्यावर रंग काय कमी आहेत?" मागून छपाई शिकणारी ट्रांग म्हणाली. पोरं फिदीफिदी हसली.

आकुओल मात्र हसली नाही. "एक सांगा बाई, आम्ही फोटोत हवे आणि खोलीत नको? पुस्तिका छापून येईल तेव्हा आम्ही कुठं असू?"

"तो निर्णय वरचा आहे. माझ्या हातात काही नाही."

"फोटो तरी आमच्या हातात आहे. नाही काढायचा."

तिनं कुणाला खूणही केली नव्हती. पण एकेक पोर आपल्या टेबलाशी परतलं. फोटोग्राफरनं कॅमेरा पिशवीत घातला.

बाई गेल्यावर आंटी आकुओलवर खेकसली, "अगं ए, इथल्या नोकरीचा तुझा अर्ज ह्याच बाईकडे पडलाय. विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग?"

"मग काय! छपाई अर्धवट राहिलीय, बघ."

आंटीनं तिच्या हातात पानिकेके, सामोआचा तळलेला गरम गोड गोळा, कोंबला. "खा आधी. उपाशीपोटी छपाई तिरकी येते."

तीस जूनला सामान न्यायला नगरपालिकेचा ट्रक आला. खोलीत टेबलांवर भिंतीपासून भिंतीपर्यंत ओली पोस्टरं. पोरांनी आपापले चेहरे स्वतः काढले होते, खाली एकच ओळ: 'आम्ही इथंच आहोत.' टेबलं हलवायची सोय नव्हती.

"वाळायला किती वेळ?" ट्रकवाल्यानं विचारलं.

"थंडी आहे. तीन दिवस तरी." एका तासात वाळतात हे आकुओलला पक्कं ठाऊक होतं.

ट्रक रिकामा परतला. संध्याकाळपर्यंत तीच पोस्टरं हलाल खाटकाच्या, पाववाल्याच्या, इथिओपियन न्हाव्याच्या काचेवर लागली. तीन दिवसांनी नगरपालिकेची सभा होती. आंटीच्या चर्चमधल्या बायका तासभर आधीच पुढच्या खुर्च्या अडवून बसल्या.

"तुमची मागणी काय?" अध्यक्षांनी विचारलं.

आकुओल उठली. "मागायला नाही, सांगायला आलोय. सोमवारी चार वाजता छपाई सुरू होणार. कुलूप बदललंत तर दाराबाहेर टेबलं मांडू. पाऊस आला तर छत्र्या आणू."

बरीच वादावादी झाली. शेवटी खोलीला वर्षभराची मुदत मिळाली, तीही दोन मतांच्या फरकानं.

नोकरी तिला मिळाली नाही. नकाराचं पत्र दोन ओळींचं होतं. ते वाचून ती मोरीत जाऊन रडली, मग तोंड धुतलं. आता ती पहाटेपासून भाजीच्या गोदामात खोकी भरते आणि चारच्या आत छपाईच्या खोलीवर पोचते.

तिला नाकारलेल्या जागेवर आलेला पगारी माणूस वाईट नव्हता. पण छपाईची चौकट कुठून धरायची हेही त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी तो अवघडून म्हणाला, "मी इथला प्रमुख. आज काय करायचं?"

"आधी बाह्या वर कर," आकुओल म्हणाली आणि शाईचा डबा त्याच्यापुढे सरकवला.