संतोषच्या मागं टाकलेलं पाणी

विठाबाईनं तिसऱ्यांदा पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा संतोष केमिकलचा टँकर घेऊन गुजरातला निघालेला. टँकर उभा एमआयडीसीत; तिकडच्या रिक्षाकडे तो वळतो न वळतो, तोच शेजारच्या तरणजीत कौरनं लोटाभर पाणी त्याच्या मागं भिरकावलं!

अहो, माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच केरसुणीसुद्धा फिरवू नये. विठाच्या गावात मयत उठलं की मग उंबरा धुतात. आणि ही बया जित्याजागत्या पोरामागं पाणी ओतते! ही करणी नाही तर काय?

शंका काय हवेतली नव्हती. पहिल्यांदा पाणी पडलं तेव्हा वापीजवळ क्लच गेला, पोरगा तीन दिवस उशिरा आला. दुसऱ्यांदा तापानं फणफणत परतला. कावळा बसायला नि फांदी मोडायला, असं ज्याला म्हणायचंय त्यानं आपला एकुलता एक पोरगा धाडून बघावा.

ही तरणजीत दोन वर्षांपूर्वी सुनेला घेऊन काबूलहून आलेली. हिचे पाहुणे सगळे उल्हासनगरला, मग खोली अंबरनाथला कशाला? दारात कसलेतरी दाणे जाळून धूर करते. चहाला बोलावलं तर नको नको म्हणेपर्यंत कप भरतच राहते. इतकं गोड कोण उगाच वागतं? विठानं गेल्याच आठवड्यात चाळमालक कोंडाजीशेठच्या कानावर घातलं होतं. महिनाअखेर खोली खाली करून घेतो, असं शेठ म्हणाला होता.

पण आज तिला दम निघेना. पदर खोचून ती थेट शेजारच्या दारात गेली. "काय गं, माझ्या पोरानं तुझं काय घोडं मारलंय? पानी कायको फेकती उसके पीछे?"

तरणजीत दचकली. "सफर पे जानेवाले के पीछे डालते हैं, बहन. हमारे काबुल का रिवाज है. पानी जैसा दौडता वापस आए." मग खाली बघत म्हणाली, "मेरा बेटा हरमीत निकला, उस दिन गली में गोली चल रही थी. मैंने दरवाजा बंद कर लिया. पानी नहीं डाला."

हरमीत परत आला का, हे विचारायला विठाची जीभ रेटेना. आत सून पांढरी ओढणी घेऊन भाजी निवडत बसली होती. दोन वर्षं विठा ती ओढणी बघत होती, आणि त्यातही तिला काळंबेरंच दिसलं होतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, शेठला मीच सांगितलं. तुम्हाला काढायला मीच लावलं हो."

"मालूम है. शेठ ने परसों बताया."

"आणि तरी आज पाणी टाकलंत?"

"शिकायत तो तुमने की," तरणजीत म्हणाली. "लडके को तो घर आना है ना."