गिल्बूचं उंबराचं पाणी

आमच्या कोंडिविट्याच्या गावठाणात लग्नाची वरात दिसायच्या आधी बेनेडिक्टमामाचा कॉर्नेट ऐकू यायचा. चिंचेवरचे बगळे उठायचे, कोंबड्या ओट्याखाली शिरायच्या, आणि आई हातातलं काम टाकून दारात यायची. "आला माझा भाऊ, सोन्याचं तोंड घेऊन," म्हणायची. कॉर्नेट, म्हणजे लग्नाच्या बँडमधली आखूड तुतारी, पितळेचा. पण बहिणीच्या नजरेला ते सोनंच.

मामा आमच्यातच राहायचा. माझ्या धाकट्या भावाला, गिल्बर्टला, त्या सोन्याची लाज वाटायची. कॉलेजातली पोरं त्याला "ए बँडबाजा" म्हणून हाक मारत. त्याला व्हायचं होतं नौदलात अधिकारी. बांगलादेशची लढाई नुकती संपली होती. जुहूच्या वाळूत उभा राहून तो लांबच्या जहाजांकडे असा बघायचा, की मला वाटे, हा आता ओ देईल त्यांना, "आलो, आलो" म्हणून.

खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीसाठी त्याने अर्ज केला. लेखी परीक्षा पास झाला. भोपाळच्या मुलाखतीतही निवडला गेला. तिथे साहेबांनी विचारलं, घरात कोण काय करतं?

"वडील साकीनाक्याला लेथवर आहेत, सर."

"आणखी कोण?"

"मामा. त्यांचा... छोटा धंदा आहे."

हे त्याने मला एकटीला सांगितलं, तेही खाली बघून.

मग कुलाब्याला डॉक्टरी तपासणी झाली. डोळे चांगले, दात चांगले, पाय चांगले. छाती कमी पडली. श्वास भरल्यावर जेवढी फुगायला हवी, तेवढी फुगेना. दीड महिन्याने पुन्हा या, म्हणाले. तेव्हाही जमलं नाही तर नाव कटलं. आणि पुढच्या वर्षी तो वयात बसत नव्हता.

गिल्बर्ट घरी येऊन ओट्यावर बसला. आईने भाजलेले बोंबील पुढे ठेवले, त्याने हात लावला नाही.

"काय रे, दर्यावर बोलावलं की नाय?" मामाने विचारलं.

"वाट लागली, मामा. हवा कमी पडते छातीत."

मामाला हसूच आवरेना. "हवा कमी पडते? माझ्या घरात?" खुंटीवरचा कॉर्नेट काढून त्याने समोर धरला. "घे."

"मला नको ते."

"वाजव कोण म्हणतो तुला? नुसता फुंक."

गिल्बर्टने फुंकला. कुंपणापलीकडून शेजारची एथेलकाकी आईला ओरडून म्हणाली, "गो क्लॅरिस, म्हैस कधी घेतलीस?"

त्या दिवसापासून संध्याकाळी दोघे विहिरीवर जाऊन बसू लागले. मामा रहाटाकडे बोट दाखवायचा. "कळशी कशी येते वर? झटका दिलास तर निम्मी सांडते. श्वास तसा ओढायचा. पोटातून, सावकाश, काठोकाठ." हळूहळू म्हशीचा आवाज निवळला, त्यात सूर आला. चिंचेवरचे बगळे त्याच्याही फुंकीने उठायला लागले, तेव्हा आईने मला कोपराने ढोसलं.

तपासणीच्या आदल्या रविवारी वाकोल्यात एका लग्नाचं उंबराचं पाणी होतं. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी आणायचं, त्या पाण्याने नवऱ्याला न्हाऊ घालायचं, ही आमची रीत. मामाने गिल्बर्टला बँडचा लाल कोट चढवला. कळशी पाण्यातून निघाली की एक सूर धरायचा आणि ती करवलीच्या डोक्यावर चढेपर्यंत तुटू द्यायचा नाही, हा मामाच्या बँडचा मान. सूर दोघांनी धरला. मध्येच मामाने आपला कॉर्नेट खाली केला.

गिल्बर्ट एकटा उरला. गर्दीतून कॉलेजातला दशरथ ओरडला, "ए बँडबाजा!" गिल्बर्टने त्याच्याकडे बघितलं, आणि बघता बघताच सूर आणखी उंच नेला. करवली नवखी होती. चढवताना डोक्यावरची चुंबळ घसरली, तिने कळशी उतरवली, चुंबळ नीट केली, पुन्हा उचलली. सूर तुटला नाही.

कुलाब्याहून तो परतला तेव्हा मामा चिंचेच्या कोळाने कॉर्नेट घासत होता.

"झालो पास," गिल्बर्ट म्हणाला. "डॉक्टरने फीत दोनदा लावली. त्याला खरंच वाटेना. विचारलं, कसला व्यायाम केलास? मी म्हटलं, सर, कॉर्नेट वाजवतो. लग्नात. माझ्या मामांच्या बँडमध्ये."

मामाचा हात थांबला. "बँडमध्ये, असं बोललास?"

"हो."

"साहेबाला?"

"हो, मामा. मोठ्याने."

मामा पुन्हा घासू लागला, घासून लख्ख झालेली जागाच. "मग त्याच्या पोरीचं लग्न निघालं तर कळव म्हणावं," तो म्हणाला. "भाव कमी करू."

प्रबोधिनीचं बोलावणं आलं आणि आईने गावात सांगून टाकलं, "माझ्या गिल्बूचं उंबराचं पाणी आहे."

"लग्न नाय, नवरी नाय, आणि पाणी कसलं गो?" एथेलकाकीने विचारलं. पण सगळ्यांच्या आधी लुगडं नेसून तीच आली.

बँड निघाला, सगळे लाल कोट घालून. भाड्याचा एक पैसा कुणी मागितला नाही. गिल्बर्टला यावेळी वाजवायचं नव्हतं. तो नवऱ्यासारखा मध्ये उभा होता, आणि त्याला हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. विहिरीवर बायकांनी गाणं धरलं. त्या गाण्यात नवरीचं नाव घ्यायची जागा येते. तिथे सगळ्या गप्प झाल्या, आईकडे बघू लागल्या. आईने क्षणभर पाण्यात पाहिलं, मग एकटीनेच उचललं:

"विहिरीच्या पाण्यात गं, कोण साद घाली,
माझ्या गिल्बूला मागणी, दर्याची आली."

बायकांनी ओळ उचलली. रहाट करकरला. कळशी पाण्यातून निघाली, आणि मामाने सूर धरला. करवली म्हणून मी गिल्बर्टच्या शेजारीच होते. त्याने त्या सुराबरोबर श्वास भरून घेतला, सावकाश, काठोकाठ, आणि कळशी माझ्या डोक्यावर येईपर्यंत सोडला नाही.