सोड्याच्या मशीनीचा सत्कार

वालूरच्या बाजारात अंगदनं सोड्याची मशीन आणली अन् त्याच दिवशी त्याच्या बापानं, चंद्रभान आबांनी, अट घातली. मेंढरांमागं फिरून ज्याचे गुडघे झिजले, त्या माणसाला बुडबुड्यांचा धंदा पटणं अवघडच होतं.

"आज एकानं जरी दुसरा गिलास मागितला, तर दुकान तुजं," आबा म्हणाले. "न्हाई मागितला, तर उद्या सकाळी काठी घ्यायची अन् मेंढरामागं निघायचं. पैला गिलास लोक मानापायी पितेत, दुसरा चवीपायी."

अंगदनं हसत मान डोलावली. परभणीच्या मिस्त्रीनं त्याला मशीनीचं पोट उघडून दाखवलं होतं. टाकीतलं पाणी आधी गार होतं, पंप ते जोरानं ढकलतो, सिलेंडरातला गॅस त्यात घुसतो, अन् नळ दाबला की बाजूच्या नळीतून सिरप येऊन गिलासातच मिसळतं. "सगळा खेळ गारव्याचा," मिस्त्री म्हणाला होता. "गार पाण्यात गॅस वाड्यातल्या मेंढरावानी गुमान बसतो. पाणी तापलं की वाडा मोडून पळतो. अन् मागच्या जाळीतून मशीन गरम हवा सोडती. तेवढं तिचं नाक दाबू नका."

सकाळपासून मशीन झकास गुरगुरत होती. मग आबा आले. हळदकुंकू झालं, भंडारा उधळला, अन् आबांनी खांद्यावरची काळी घोंगडी काढून मशीनीला डोक्यापासून पायापर्यंत पांघरली.

"आबा, हे काय?"

"सत्कार. आपल्यात मान घोंगडीनं देतेत."

"दिला ना? मंग काढा आता."

"आता अण्णाच्या हातानं निघंल. तेच उद्घाटन."

गावपुढारी बन्सीधर अण्णांनी हात लावल्याशिवाय वालुरात कशाचंच उद्घाटन होत नसे, अन् अण्णा वेळेवर कधीच येत नसत. वर तापलेला पत्रा, खाली घोंगडी, अन् घोंगडीत मशीन. अंगद दुकानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चकरा मारायला लागला. चालू ठेवावी तर जीव गुदमरायलाय, बंद करावी तर पाणी तापायलंय. दर चकरेला तो घोंगडीला कान लावायचा. गुरगुर बारीक झाली होती.

"जरा बसा की," त्याची बायको दैवशाला म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीभायेर फिरल्यावानी फिरायलाव."

"आगं, ती आत उकडायलीय!"

"मंग सांगा आबांला."

"सांगितलं. म्हनतेत, मेंढरू बारा म्हैने लोकर पांघरून ऱ्हातंय, ते मरतंय का?"

शेवटी न राहवून अंगद गुपचूप मागं गेला अन् जाळीजवळचा एक कोपरा उचलला. समोर गिलासाची वाट बघत बसलेली सरजाबाई लगेच ओरडली, "ए अंगद! अण्णाच्या आदी तोंड बघतूस व्हय? नवरी हाय का ती?"

सगळा बाजार हसला. आबांनी डोळे वटारले. कोपरा परत खाली.

अण्णा आले ते थेट माईकवर. "बंधूंनो, आपल्या वालूरच्या जमिनीत सोडा हाय, हे सरकारला कळलं न्हाई, पन अंगदला कळलं! ही मशीन त्यो सोडा वर वढती!" टाळ्या पडल्या. आबांनीही वाजवल्या. अंगद नुसता हात चोळत होता. गुरगुर कधीच थांबली होती.

घोंगडी निघाली. चुलीपुढं बसल्यासारखी झळ आली. अण्णांनी एका हातात माईक धरून स्वतःच गिलास लावला अन् नळ दाबला. फस्स! जिऱ्याचा फेस गिलासातून उसळून अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, तिथून मिशीवर. गिलासात उरलं घोटभर कोमट पाणी. एवढ्या लोकांपुढं अण्णा थुंकणार थोडीच! डोळे मिटून गिळलं. अन् मग माईकमधून असा ढेकर निघाला की कर्ण्याखालचं कुत्रं शेपूट घालून पळालं.

"आगं बया," सरजाबाई म्हणाली, "आजच्या भाषनातलं एवढंच कळलं बग."

तसला ढेकर आपल्यालाही पाहिजे म्हणून झुंबड उडाली. माणसं यायची, कोमट फेस गिळायची, ढेकर द्यायची अन् समाधानानं घरी जायची. दुसरा गिलास कुणीच मागेना. एक ढेकर आल्यावर माणसाला आणखी काय पाहिजे?

"दुसरा?" आबा ओट्यावरून विचारायचे.

"अजून न्हाई," अंगद म्हणायचा अन् फडक्यानं कोरडाच ओटा पुन्हा पुसायचा.

जाळी मोकळी झाल्यावर मशीन हळूहळू श्वास घ्यायला लागली. गुरगुर परत आली, पाणी गार झालं. तोवर बाजार पांगला होता. प्यायचे राहिले होते एकटे आबा. अंगदनं जिरा सोडा भरून त्यांच्यापुढं ठेवला. गिलासाला बाहेरून घाम फुटला होता.

आबांनी एका दमात संपवला. नाकात झिणझिण्या आल्या, दोनदा शिंकले. गिलास उलटा करून झटकला.

"नुस्ता फेसच व्हता. ह्यो काई गिलास झाला न्हाई."

फेस तर नावालाही नव्हता.

"मंग?"

"मंग काय? पैला नीट भर."

अंगदनं भरला. आबांनी सावकाश, चाटून पुसून संपवला. मग पाथरीला निघालेल्या जीपकडं बघत रिकामा गिलास हळूच पुढं सरकवला.

"आबा, ह्यो दुसरा का?"

"तुला मोजायला मास्तर केलंय का? भर गुमान. अन् उद्या सकाळी..."

अंगदचा हात नळावरच थांबला.

"...मेंढरं मी न्हेतो. जिरं जरा जास्ती सोड."