सावाईच्या पेटाऱ्यातली विजेची पेटी

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका. हा इओसुआ मला मांडीला जोडतो आणि स्वतः उशीवर डोकं टाकून पडून राहतो. पाय त्याचा, राबायचं मी. वर आल्यागेल्याला सांगतो, "बघा, माझी मांडी कशी उड्या मारतेय." मांडी उड्या मारत नाही रे बाबा, मी तिला मारायला लावते.

मी एक जुनी विजेची पेटी आहे. चार तारा, तारांच्या टोकांना चिकटणाऱ्या गाद्या, बस एवढाच माझा संसार. गाद्या कातडीला चिकटल्या की मी स्नायूला बारीक वीज देते. तो आवळतो, सुटतो, पुन्हा आवळतो. दुखण्याने निजलेल्या स्नायूला मी हलवून जागं करते.

माझी उमेदीची वर्षं ऑकलंडच्या एका दवाखान्यात गेली. मोठमोठे खेळाडू माझ्यासाठी खोळंबून बसत. मग चकचकीत नव्या पेट्या आल्या आणि मला फडताळात सारलं. तिथे झाडलोट करणाऱ्या सीनाने मला मागून घेतलं आणि खारवलेल्या मांसाच्या डब्यांबरोबर बोटीने सावाई बेटावर आपल्या आईकडे पाठवलं.

तिची आई फापाइया. गावात कुणाचा पाय मुरगळो, पाठ धरो, फापाइयाचे हात आणि खोबरेल तेल हेच औषध. तिने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "एवढी महागाची वस्तू. वापरून खराब करायची होय?" झालं. लग्नामर्तिकाला द्यायच्या तलम चटया ज्या पेटाऱ्यात असतात, त्याच्या तळाशी मी गेले. त्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब. वारा इकडून येतो, तिकडून जातो. कोंबड्या मोकळ्या, डुकरं मोकळी. कुलपात एकटी मी. चटयांच्या ओझ्याखाली दिवस की रात्र कळत नसे. पावसाळ्यात ओल चढायची आणि वाटायचं, आता तारा कुजणार, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

पेटारा उघडला तो इओसुआमुळे. हा फापाइयाचा नातू. गावाची लांब होडी किनाऱ्यावर ओढताना याच्या मांडीचा स्नायू फाटला. जखम भरली, पण मांडी वाळक्या केळीसारखी झाली. होडीत वल्हं हातांनी मारतात असं तुम्हाला वाटेल. खरा जोर मांडीचा. होड्यांची शर्यत जवळ आली होती आणि गावच्या मुखियांनी बजावलं होतं, की पाय भरला नाही तर होडीतला याचा बाक चुलतभाऊ पेनिअमिनाला. त्या बाकावर याचे वडील बसत, आजोबाही.

मला बाहेर काढलं. पण त्या घरात दुखऱ्या पायाला कोरडा हात लावणं म्हणजे पाप. फापाइयाने आधी मांडी तेलाने चोळचोळ चोळली, मग माझ्या गाद्या ठेवल्या. गाद्या घसरल्या, जेमतेम एक कोपरा टेकला. सगळी वीज त्या कोपऱ्यातून गेली आणि इओसुआ किंचाळला.

"आजी, ही चावते."

"परक्यांची वस्तू परक्यासारखीच वागायची," फापाइया म्हणाली.

पुन्हा पेटारा, पुन्हा चटया. चूक कुठे झाली ते मला ठाऊक होतं, मित्रांनो, पण सांगू कशी? तोंड असतं तर त्याच दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं.

रविवारी चर्चनंतरच्या जेवणाच्या वेळी सीनाचा फोन आला. पेटी चावते, अशी फापाइयाने तक्रार केली. पेटाऱ्याच्या आत मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आई, पायाला तेल होतं का गं?"

"नसायला पाय काय मासा आहे, नुसता निखाऱ्यावर टाकायला?"

"तेलावर गाद्या चिकटत नाहीत. आधी साबणाने धू, कोरडा कर. तुझं तेल नंतर. आणि पेटी ओढेल तेव्हा त्यानेही पाय ताणायचा. नुसत्या पेटीने होत नाही."

"मला शिकवतेस?" फापाइया म्हणाली. पण बोलता बोलताच तिने कमरेची किल्ली कुलपात फिरवली.

त्या दिवशी मी जीव ओतला. मांडी दगडासारखी आवळली. फापाइयाने तिच्यावर बोट दाबून पाहिलं आणि शेजारणीला बोलावलं, "ये, बघ, माझ्या लेकीने काय धाडलंय." इतक्या वर्षांत माझं कौतुक झालं ते तेव्हा.

पण सीनाचं ते पाय ताणायचं वाक्य इओसुआने कानाआड केलं. मी ओढायची, तो घोरायचा. त्याच्या मांडीला तारांनी बांधलेली मी, ना सुटता येई ना ओरडता. आणि पाय भरला नाही, तर खापर कुणावर फुटणार तेही दिसत होतं.

मित्रांनो, वस्तू पुसून ठेवा, कोरडी ठेवा, हे तर खरंच. पण आपलं काम तिच्या गळ्यात घालू नका. तिला नाही म्हणता येत नाही.

काल मुखियांनी त्याला होडीत बसवून पाहिलं. खाडीच्या तोंडापर्यंत जाताजाता मांडी थरथरली आणि वल्ह्याची लय तुटली. तो लंगडत घरी आला आणि मला पेटाऱ्याकडे ढकलून म्हणाला, "आजी, पेटी म्हातारी झालीय. टाक आत."

मला वाटलं, संपलं. आता चटया.

फापाइयाने पेटाऱ्याचं झाकण लावलं आणि त्यावर आपणच बसली. मला मांडीवर घेतलं, तारा नीट गुंडाळल्या आणि बोलली, "इओसुआ, म्हातारी मीही आहे, म्हणून मला कुणी पेटाऱ्यात घालत नाही. हिने ओढलं, तू लोळलास. यंदा बाकावर पेनिअमिना बसेल, आणि तू किनाऱ्यावरून त्याच्यासाठी ओरडशील. उद्या सकाळी मांडी धुऊन ये. ही गप्प राहून तुझी वाट बघेल. मी गप्प राहणार नाही."